आईचं दुखणं बाबांच्या तोंडून

"डॉक्टर, तुमची पाळी बंद झाली का हो?"

सभागृहात नववी-दहावीच्या सगळ्या मुली दाटीवाटीने बसल्या होत्या. व्यासपीठाच्या कडेला बसलेल्या मुख्याध्यापिकाबाईंनी पाण्याचा पेला ओठांना लावला होता, तो तसाच राहिला. बाई पाणी पीत नव्हत्या आणि पेला खालीही ठेवत नव्हत्या.

प्रश्न विचारणारी मुलगी मात्र ताठ उभी होती. शाळेत सगळे तिला भोंगा म्हणायचे आणि तिला त्याचा भलताच अभिमान होता. वर्षभरापूर्वी तिची ख्याती अगदी उलटी होती. तेव्हा ती इतकी गप्प असायची की वर्गशिक्षिकांनी एकदा तिची गैरहजेरी लावली होती, आणि ती पहिल्या बाकावर बसलेली होती. मग क्रीडादिनाला कॉमेंट्री करणाऱ्या मुलाचा घसा बसला, कुणीतरी चुकून माइक हिच्या हातात कोंबला, आणि हिने पोत्यांच्या शर्यतीचं असं काही वर्णन केलं की शेवटून पहिला आलेला मुलगाही स्वतःवर खूश होऊन घरी गेला. त्या दिवशी घसा जो उघडला, तो उघडाच राहिला.

आजचा प्रश्न खरं तर तिच्या मैत्रिणीचा, चष्मिशचा होता. व्याख्यान सुरू असताना चष्मिशने तो तिच्या कानात सोडला आणि म्हणाली, "हिंमत असेल तर विचार." पलीकडून दुसऱ्या मैत्रिणीने, बुटकीने भर घातली, "नाही विचारणार ती. भोंग्याची बॅटरी उतरलीय." एवढं ऐकून घेतल्यावर गप्प बसणार कोण?

व्याख्यानाला आलेल्या डॉक्टर बाईंचे केस आखूड आणि पांढरे होते, पायात कापडी बूट होते, आणि आवाज असा की त्यांना माइक देणं म्हणजे वीज फुकट घालवणं. त्यांनी मुलीकडे पाहिलं आणि त्या खदखदून हसल्या.

"झाली की! आणि जाता जाता असा इंगा दाखवला तिने मला की विचारू नकोस. बरं झालं विचारलंस. मी शाळाशाळांतून पाळी सुरू कशी होते ते सांगत फिरते. बंद होताना काय होतं, ते कुणी विचारतच नाही. तुम्हाला घरी आया आहेत ना? का तुम्ही झाडावरून पडलात?"

मुली हसल्या. मुख्याध्यापिकाबाईंनी अखेर पेला खाली ठेवला.

"ऐका मग," डॉक्टर म्हणाल्या. "पंचेचाळिशीच्या आसपास पाळी मागेपुढे होते, एखादा महिना चुकते. चालतं. पण तासाभरात पॅड भिजायला लागलं, गाठी पडायला लागल्या, आठवडा उलटला तरी थांबेना, किंवा मध्येच कधीही रक्त जायला लागलं, तर तपासायचं. घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, 'वय झालं, होणारच.' अगं, वय हा सगळ्यात शेवटचा आरोपी! आधी बाकीच्यांची चौकशी करायची. आपण काय करतो? वय समोर उभंच असतं, त्यालाच पकडतो आणि तपास बंद!"

चष्मिश आणि बुटकी एकमेकींना चिमटे काढत हसत होत्या. भोंगा खाली बसली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र कुठेतरी सांडलं होतं. कारण डॉक्टरांनी जे जे म्हणून सांगितलं, ते ते सगळं तिच्या घरी राहत होतं.

तिची आई गाडी शिकवायची. शिकाऊ माणूस स्टिअरिंगवर आणि आई शेजारी. आईच्या पायाखाली तिचा स्वतःचा वेगळा ब्रेक होता, आणि त्या ब्रेकवर गावातल्या कितीतरी लोकांचे जीव आजवर वाचले होते. आता काही महिन्यांपासून आईच्या सीटवर एक काळी गादी आली होती. आई उतरली की गादी उतरायची, आई घरात आली की गादी घरात. आईचे फिके कपडे कपाटात खाली गेले आणि गडद कपडे वर आले. न्हाणीघरातल्या बादलीत सतत काहीतरी भिजत असायचं. शिवाय आईला एक नवंच वेड लागलं होतं. ती बर्फ खायची. फ्रीजमधला ट्रे काढायची आणि कडाकडा चावायची. घरात सगळे हसायचे. बाबा म्हणायचे, "आपल्याकडे पाहुणे आले की सरबत गरमच द्यायचं, बर्फ यजमानीणबाई खातात."

आणि हे सगळं दुखणं डॉक्टरांपर्यंत पोचवायचं काम कुणाचं? बाबांचं!

ही या घराची खास पद्धत होती. घरात कुणीही आजारी पडलं तरी दवाखान्यात बाबा जायचे. रस्त्याच्या टोकाला डॉक्टरकाकांचा दवाखाना होता. बाबा तिथे जाऊन पेशंटच्या खुर्चीत बसायचे, घरातल्याचं दुखणं सांगायचे आणि औषध घेऊन यायचे. आईचे शिकाऊ ताटकळायला नकोत, मुलीचा अभ्यास बुडायला नको, म्हणून ही सोय. एकदा भोंग्याच्या टॉन्सिल्स सुजल्या तेव्हा डॉक्टरकाकांनी बाबांनाच 'आ' करायला लावलं होतं, असं आई शपथेवर सांगायची.

बाबांचा धंदाही तसलाच. नगरपालिकेच्या कचेरीसमोर छपराखाली त्यांचं टेबल होतं आणि लोकांच्या तक्रारींचे अर्ज ते लिहून द्यायचे. कुणी छाती बडवत यायचं, "साहेब, आख्खं छप्पर उडालं हो माझं!" बाबा त्याला बसवायचे, पाणी द्यायचे आणि लिहायचे, 'छताच्या संदर्भात काहीशी अडचण उद्भवली आहे.' शेजाऱ्याच्या कुत्र्याने एकाच्या पोटरीचा लचका तोडला, तर बाबांनी लिहिलं, 'सदर प्राण्याशी अनपेक्षित संपर्क आला.' भाषा सौम्य असली की साहेब चिडत नाही, असं त्यांचं शास्त्र होतं. साहेब चिडायचा नाही हे खरंच. तो काही करायचाही नाही.

तर असा माणूस महिन्यामागून महिने आईचं दुखणं सांगायला जात होता आणि बाटल्या घेऊन येत होता. लाल टॉनिक संपलं, हिरवं आलं, हिरव्यामागून तपकिरी. व्याख्यानाच्या दुसऱ्याच दिवशी बाबा पिशवी घेऊन निघाले, तेव्हा भोंग्याने चपला घातल्या.

"तू कुठे?"

"तुमच्याबरोबर. मलाही शिकू दे ना, दुखणं कसं सांगतात ते."

बाबांना बरं वाटलं. धंदा पुढे चालवणारं कुणीतरी हवंच असतं.

दवाखाना भरलेला होता. डॉक्टरकाकांच्या खोलीला दार नव्हतं, पडदा होता, आणि पडद्याची लांबी कुणाच्याच कामाची नव्हती.

"या, या. काय म्हणतंय घर?" डॉक्टरकाकांनी विचारलं.

"सगळं उत्तम. फक्त हिच्या आईला जरा..." बाबांनी आवाज खाली आणला, "थकवा."

"अजून?"

"किंचित."

"मग असं करू, तपकिरी बंद करू आणि पुन्हा लाल सुरू करू."

भोंगा आधी बाबांकडे बघत राहिली. मग डॉक्टरकाकांच्या पेनाकडे. पेन कागदाला टेकलं तसा तिचा आवाज सुटला.

"काका, आईला रक्त जातंय! महिन्यातले निम्मे दिवस जातंय. गाठी पडतात. जिना चढली की धापा टाकते. बाबांनी तुम्हाला नुसता शेवट सांगितला, सुरुवात सांगितलीच नाही!"

पडद्यापलीकडे अंगठ्याला पट्टी बांधलेले एक गृहस्थ भिंतीवरचा डोळे तपासायचा तक्ता पाठ करू लागले.

डॉक्टरकाकांनी चष्मा काढला. "अहो, काय हे! इतके महिने तुम्ही मला थकवा सांगताय?"

"थकवा आहेच ना तिला," बाबा म्हणाले. त्यांचे कान लालबुंद झाले होते. "खोटं कुठे बोललो मी?"

"आणि काका, थकवा कशाने येतो, हे तुम्ही एकदा तरी विचारलंत?"

डॉक्टरकाकांनी चष्मा पुन्हा घातला. "वय काय आईचं?"

"सत्तेचाळीस."

"अगं मग वयच आहे ते! होतं असं. ही गोळी दे, थांबेल."

"आईला तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत काका?"

डॉक्टरकाकांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "मागे बँकेत दिसल्या होत्या. लांबून. छान दिसत होत्या."

पलीकडे कुणीतरी फिसकन हसलं. डॉक्टरकाकांनी लिहिलेला कागद चुरगाळला, दुसरा घेतला आणि त्याच, शाळेत आलेल्या डॉक्टर बाईंच्या नावाने चिठ्ठी दिली. चिठ्ठी देताना त्यांनी भोंग्याकडे पाहिलं नाही, पण दिली.

परत येताना बाबा दोन पावलं पुढे चालत होते. अर्ध्या वाटेत ते वळले.

"चारचौघांत! काही लाजलज्जा? माझी अब्रू काढलीस आज."

"अब्रू तुमची, बाबा. रक्त आईचं."

आता तुम्हाला वाटेल, चिठ्ठी मिळाली, आई गेली, प्रश्न मिटला. छे! घरात आत्या येऊन बसली होती.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिची गर्भपिशवी एकोणचाळिसाव्या वर्षीच काढली होती, आणि तेव्हापासून ती दिसेल त्या बाईला हाच सल्ला द्यायची. चिठ्ठी वाचून तिने ती बशीखाली ठेवली.

"तपासण्या कसल्या करत बसताय? काढून टाका पिशवी. मुलगी झाली, मोठी झाली, आता तिचं काम काय? माझं बघ ना! काढली तेव्हापासून कशी आहे मी!"

आत्या कशी आहे हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी बघितलं नाही. ती बोलता बोलता वर्तमानपत्राने वारा घेत होती, गुडघे चोळत होती आणि दर वाक्यागणिक कुणावर तरी खेकसत होती.

"आत्या, तुझी कशासाठी काढली होती गं?" भोंग्याने विचारलं.

"कशासाठी म्हणजे? त्रास होत होता."

"पण त्रास कशाने होत होता?"

"अगं, त्रास म्हणजे त्रास! डॉक्टर म्हणाले काढू, मी म्हटलं काढा."

"आधी काही तपासलं होतं?"

"काढायचीच आहे म्हटल्यावर तपासायचं कशाला? टाकून द्यायची पातेली काय कुणी घासून टाकतं?"

बाबांना हे इतकं पटलं की त्यांचा चेहराच उजळला. काढून टाकायचं म्हटलं की काहीच सांगायला नको! कुठे, कसं, किती, कोणत्या रंगाचं, एकही नकोसा शब्द उच्चारावा लागत नाही. दोन दिवसांत ते आत्याच्या ओळखीच्या नर्सिंग होममध्ये जाऊन आले. अर्थात आईच्या वतीने. तिथेही तेच खुर्चीत बसले आणि ऑपरेशनची तारीख घेऊन आले.

आश्चर्य आईचं. शिकाऊ माणसाने चुकीचा गिअर टाकला तर भर चौकात त्याची हजेरी घेणारी ही बाई, तारीख ऐकून म्हणाली, "बरं. होऊ दे एकदाचं."

"आई! अगं, आधी बघ तरी काय झालंय ते!"

"तू अभ्यासाला बस," आई म्हणाली आणि बर्फाचा ट्रे काढायला उठली.

भोंग्याने तीन दिवस घर डोक्यावर घेतलं. उपयोग शून्य. आणि मग तो प्रसंग घडला.

आई सकाळी शाळेच्या वाटेवरचा शिकाऊ घ्यायची आणि भोंग्याला मागच्या सीटवर बसवून शाळेत सोडायची. त्या दिवशी स्टिअरिंगवर एक वयस्क शिकाऊ होते, आई त्यांना साहेब म्हणायची. साहेब निवृत्त झाल्यावर गाडी शिकायला आले होते आणि त्यांनी आजपर्यंत एकदाही वेळेवर ब्रेक दाबला नव्हता. ते नेहमी आधी "अरे बापरे" म्हणायचे, तोवर आईने तिचा ब्रेक दाबलेला असायचा.

"सिग्नल दिसतोय ना साहेब? मग पाय कुठे..." असं म्हणता म्हणता आई थांबली.

आई वाक्य अर्धं सोडत नाही. भोंग्याने पुढे वाकून पाहिलं. आईचं डोकं खिडकीच्या काचेला टेकलं होतं, डोळे अर्धवट मिटले होते आणि ओठ कागदासारखे पांढरे पडले होते.

"ब्रेक!" भोंगा किंचाळली. "साहेब, ब्रेक दाबा, ब्रेक!"

साहेबांनी ब्रेक दाबला. आयुष्यात पहिल्यांदा, वेळेवर, पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे. "मॅडम! बरोबर दाबला ना?" ते आनंदाने म्हणाले आणि शेजारी वळले. मग त्यांचाही रंग उडाला.

आईला लवकर शुद्ध आली. साहेब पाणी आणायला धावले. रस्त्याच्या कडेला गाडीचं दार उघडून आई पाय बाहेर सोडून बसली. काळी गादी ओली झाली होती. भोंगा समोर उकिडवी बसली आणि रडू लागली.

"रडू नकोस," आई म्हणाली. "शाळेत भोंगा म्हणतात ना तुला?"

"आई, तू बाबांना खरं का नाही सांगत? ते तिकडे जाऊन थकवा थकवा करतात."

आई रस्त्याकडे बघत राहिली. "थकवा सांगा असं त्यांना मीच सांगितलंय."

"काय?"

"माझी मावशी होती. तिलाही असंच जायचं. तपासलं आणि कॅन्सर निघाला. तोवर ती चांगली स्वयंपाक करत होती, भांडत होती. नाव कळलं आणि ती अंथरुणालाच खिळली. मला ते नाव ऐकायचं नाही. पिशवी काढतात ना, त्यात जे काही असेल ते जाईल. मला न दाखवता."

भोंग्याने समजवायचा प्रयत्न केला. "आई, गाडीतून खडखड आवाज आला तर तू बॉनेट उघडून बघतेस ना?"

"शहाणपणा नको. मी गाडी नाही."

"हो, नाहीस." भोंग्याने नाक पुसलं. "आई, मला भीती वाटते. तू न बघता राहिलीस की जास्त वाटते. रोज रात्री तू न्हाणीघरात गेलीस की तू बाहेर येईपर्यंत मी जागी असते."

साहेब पाण्याची बाटली घेऊन आले, आणि बायकांचं काहीतरी चाललंय हे ओळखून लांबच्या खांबाला जाऊन चिकटले. आईने दोन घोट घेतले.

"त्या तुझ्या डॉक्टर ओरडतात का गं?"

"ओरडतात. पण सगळ्यांवर सारख्याच."

"ती चिठ्ठी कुठेय?"

चिठ्ठी भोंग्याच्या दप्तरात होती. आत्याच्या बशीखालून तिने ती त्याच दिवशी पळवली होती.

निरोप मिळताच बाबा टेबल तसंच टाकून डॉक्टर बाईंच्या दवाखान्यात धावत आले, पेन कानावर ठेवून. तपासणीच्या खोलीत तिघेही एका ओळीत बसले. डॉक्टर बाईंनी कागद पुढे ओढला.

"शेवटची पाळी कधी आली?"

"साधारण मागच्या महिन्यात, म्हणजे किंचित..." बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी मान वर केली. "तुमची?"

डॉक्टर आईकडे वळल्या. "दिवसाला किती पॅड लागतात?"

"सात-आठ तरी!" भोंगा म्हणाली. "आणि रात्री दोन-दोन एकदम. आणि गाठी ना, अशा एवढ्या..."

"आणि तू कोण? आईचा आवाज?" डॉक्टरांनी तिला ओळखलं होतं, पण दयामाया दाखवली नाही. "बापाने दुखणं दाबून सांगितलं, तू ओरडून सांगतेस. जिचं आहे तिला कुणी बोलू देणार की नाही? चला, दोघेही बाहेर."

भोंग्याला वाटलं, कुणीतरी भर वर्गात कान पिळला. ती बाहेर आली. बाबाही आले. दार मोठं होतं, जाड होतं आणि नीट लागलं. आतून आधी काहीच ऐकू येईना. मग आईचा आवाज आला. शब्द कळत नव्हते, पण आवाज थांबत नव्हता. आई इतका वेळ स्वतःबद्दल बोलू शकते हे बाहेर बाकड्यावर बसलेल्या दोघांनाही नवीन होतं.

थोड्या वेळाने नर्स एक छोटी डबी घेऊन बाहेर आली.

"ही कसली तपासणी?" बाबांनी अदबीने विचारलं.

"लघवीची. दिवस गेलेत का बघायला."

बाबांनी बाकडं धरलं. "आता?"

"या वयात गेले नसतीलच असं धरून चालत नाही. पहिली चौकशी तीच," नर्स म्हणाली आणि निघून गेली.

भोंग्याला इतकं हसू आलं की तिने दप्तर तोंडावर धरलं. बाबा भिंतीकडे बघत कसला तरी हिशेब करत होते. डबी घेऊन नर्स परत आली, मान हलवून "नाही" म्हणाली, आणि बाबांनी असा श्वास सोडला की समोरचा पडदा हलला.



"ती सांगायची त्यापेक्षाही मी कमी करून सांगायचो," बाबा हळूच म्हणाले. "मला वाटायचं, मोठं करून सांगितलं तर ते खरं होईल."

यावर मारायला भोंग्याकडे तीन टोमणे तयार होते. तिने एकही मारला नाही. बाबांच्या कानावरचं पेन तेवढं काढून त्यांच्या खिशात ठेवलं.

आई बाहेर आली तेव्हा दमलेली होती, पण चेहरा मोकळा दिसत होता. "रक्त घेतलं, थायरॉइडचंही बघणार म्हणे. सोनोग्राफी केली. मग आतल्या अस्तराचा चिमूटभर तुकडा काढला. असली कळ आली की मी एक शिवी दिली."

"डॉक्टरांना?" बाबा घाबरले.

"मोठ्याने. त्या म्हणाल्या, अजून एक द्या, संपतच आलंय."

नर्सिंग होमची तारीख आईने स्वतः फोन करून रद्द केली. तुकड्याचा निकाल यायला वेळ होता. ते दिवस घरात कुणी विनोद केला नाही. आई रात्री उठली की भोंगा उठायची आणि भोंगा उठली की बाबा दिवा लावायचे. तिघे स्वयंपाकघरात बसून पाणी प्यायचे, आणि पुन्हा झोपायला जायचे.

निकालाच्या दिवशी आई एकटी गेली. "मी एकटीच ऐकणार," ती म्हणाली होती, आणि गाडीही स्वतःच चालवत गेली. संध्याकाळी आत्या आधीच येऊन बसली होती. आई आली, तिने किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि खुर्ची ओढली.

"कॅन्सर नाही," ती म्हणाली. तो शब्द तिने घरात पहिल्यांदाच उच्चारला आणि छप्पर काही कोसळलं नाही. "आत मांसाचा एक कोंब वाढलाय, वाटाण्याएवढा. रक्त त्याच्यामुळे. दुर्बीण घालून तेवढाच काढणार, पुन्हा तपासणार. पिशवी आहे तिथेच राहील. मात्र अंगात रक्त इतकं कमी झालंय की डॉक्टर म्हणाल्या, तुम्ही जिना चढून आलात कशा? सलाइनमधून लोह देणार आहेत. बर्फ चावायची इच्छा होते तीही त्यामुळेच म्हणे."

बाबांनी डोळे पुसले आणि कचरा गेला असं सांगितलं.

"म्हणजे काढतच नाही?" आत्याला जरा गैरसोय झाल्यासारखं वाटलं. "नुसता कोंब?"

"नुसता कोंब."

आत्या वर्तमानपत्राने वारा घेता घेता थांबली. "मग माझ्यातही..." एवढं म्हणाली, आणि कुणी काही बोलायच्या आत, चहात साखर कमी आहे म्हणून ओरडली. चहा अजून केलेलाच नव्हता.

बाबा मात्र हलके झाले होते. ते उठले, खुंटीवरची पिशवी काढली. "मी डॉक्टरकाकांकडे जाऊन सगळं सांगून येतो. बरं वाटेल त्यांना. आणि येताना," ते भोंग्याकडे वळले, "तुझं गॅसचं औषधही आणतो, संपलंय ना?"

"बाबा, पिशवी ठेवा आणि बसा. आई, तूही ऐक. मी एक ठरवलंय."

"आता काय?" आई म्हणाली.

"मला गॅस होत नाही. कधीच होत नव्हता. तीन वर्षं मी ते गुलाबी औषध पितेय. पाळीत माझं पोट दुखतं, इतकं की मी न्हाणीघराच्या फरशीवर आडवी पडते. उद्या शाळा सुटली की मी त्या डॉक्टर बाईंकडे जाणार आहे. तुम्ही दोघंही या, बाहेर बाकडं आहे. आत मी एकटी जाणार आणि सगळं मी सांगणार."